तुम्ही विचारलंत म्हणून: समोसावाल्यांचं खूळ

मंडळाच्या कार्यक्रमाहून परतताना कुणीतरी माझ्या गाडीत बसतं, स्पीकरवर रेड एल्व्हिसेस या माझ्या लाडक्या बँडचं गाणं सुरू होतं आणि ठरलेला प्रश्न येतो : "अहो, हे काय ऐकता? तुम्हाला रशियन येतं?"

नाही येत. 'स्पासीबा'च्या (म्हणजे 'धन्यवाद'च्या) पुढे गाडी गेलेली नाही. आणि गाणी बहुतेक इंग्रजीतच आहेत. पण विचारलंतच, तर सांगते.

१९९५-९६ची गोष्ट. लॉस एंजेलिसला नवी आले होते. सँटा मोनिकाच्या थर्ड स्ट्रीट प्रोमेनाडवर, म्हणजे समुद्राजवळच्या पायी फिरायच्या रस्त्यावर, एका संध्याकाळी घोळका दिसला म्हणून डोकावले. मधोमध एकजण लालभडक, जवळपास पुरुषभर उंचीचा त्रिकोण टोकावर उभा करून त्याच्या तारा छेडत होता. खोटं कशाला सांगू, समोशाला तारा लावल्यासारखं दिसत होतं! ती बास बलालाइका, म्हणजे बलालाइका या त्रिकोणी रशियन तंतुवाद्याचा खर्जातला मोठा प्रकार. वाजवणारा ओलेग बेर्नोव, शेजारी गिटार घेऊन गाणारा इगोर युझोव, बँड हाच, रेड एल्व्हिसेस. दोघं सोव्हिएत संघात वाढलेले, उच्चार जसेच्या तसे. लपवणं सोडाच, अर्धे विनोद त्या उच्चारांवरच. मी तेव्हा ऑफिसात फोन घेण्याआधी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' घोटत असे.

त्यांच्या १९९७च्या अल्बमचं नाव 'सर्फिंग इन सायबेरिया'. हसू येतंच. पण कान देऊन ऐका. सर्फ संगीत म्हणजे साठच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गाजलेला गिटारचा बाज. त्या गिटारची ओळख म्हणजे एकाच तारेवर सपासप वर-खाली होणारा पिक (तार छेडायची नखी) आणि रिव्हर्बचा, म्हणजे कृत्रिम प्रतिध्वनीचा, ओला घुमार. बलालाइकेचा नाद लगेच विझतो, म्हणून सूर लांबवायचा तर तीही तशीच थरथरवावी लागते. कोमल गंधाराची उदासी दोन्हीकडे. 'कालिंका' या प्रसिद्ध रशियन गाण्यात लय कशी चढत जाते, आठवून पाहा; आपल्या भजनात टाळ चढतात तशी. त्या रस्त्यावरही गाणं चढलं आणि अनोळखी माणसं नाचायला लागली.

आणि सर्फ संगीत तरी कुठं निव्वळ कॅलिफोर्नियाचं? सर्फ गिटारचा बादशहा डिक डेल; त्याचे वडील लेबनीज वंशाचे, काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे. डेलनं १९६२मध्ये गिटारवर पळवलेलं 'मिसिरलू' ही भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची जुनी चाल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकलेच. कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध... अहो, हा तर भैरव! लहानपणी सकाळी सहाला उठून, जांभया देत पेटीवर बडवलेला. क्लासला दांड्या मारल्या त्याचा सूड एका लेबनीज घरातल्या पोरानं घेतला म्हणायचं.

नवऱ्याला यातलं काही पटलेलं नाही. लांबच्या प्रवासाला निघालो की तो एवढंच विचारतो, "आज किशोरीताई, की समोसावाले?"