तांब्यात 35 न्यूट्रॉन? पुन्हा मोजा

अणूतले कण मोजायला बसलो की मी आधी अणुअंक लिहून टाकतो. तो म्हणजे प्रोटॉनची संख्या, आणि गणित संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही. प्रोटॉन 26 असतील तर ते लोहच. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर समस्थानिक बदलतं, इलेक्ट्रॉन कमीजास्त झाले तर आयन होतो. मूलद्रव्य तेच राहतं.

न्यूट्रॉन काढायला एकच वजाबाकी: अणुवस्तुमानांकातून, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येतून, अणुअंक वजा. सोडियम-23 मध्ये 23 − 11 = 12. चूक होते ती 23 च्या जागी कोणता आकडा घ्यायचा यात. आवर्तसारणीतला दशांश आकडा हा अणुवस्तुमानांक नव्हे. निसर्गात सापडणाऱ्या समस्थानिकांच्या वस्तुमानांची, त्यांच्या प्रमाणानुसार काढलेली ती सरासरी आहे. पुष्कळदा तो पूर्णांकात घेऊन भागतं, म्हणून तशी सवय लागते, आणि तांब्यापाशी ती सवय नडते. 63.55 चे 64 केले, 29 वजा केले, उत्तर 35. पण नैसर्गिक तांब्यात 64 चा अणू नसतोच! असतात ते 63 चे, साधारण 69 टक्के, आणि 65 चे, साधारण 31 टक्के. म्हणजे न्यूट्रॉन 34 किंवा 36. ब्रोमीनही असंच: सारणीत 79.90, प्रत्यक्षात अणू 79 आणि 81 चे, जवळपास निम्मे निम्मे. म्हणून प्रश्नात समस्थानिक दिलेलं असेल तर मी तोच आकडा घेतो.

इलेक्ट्रॉन मोजताना चिन्ह उलटं लागतं. प्रभार 3+ दिसला की 3 मिळवावेसे वाटतात; खरं तर 3 इलेक्ट्रॉन गेलेत म्हणूनच तो धन झालाय. मी सरळ प्रोटॉनमधून प्रभार चिन्हासकट वजा करतो. लोह-56 चा 3+ आयन: 26 प्रोटॉन, 30 न्यूट्रॉन, 23 इलेक्ट्रॉन. सल्फाइड, म्हणजे गंधकाचा 2− आयन: 16 − (−2) = 18 इलेक्ट्रॉन. अमोनियमसारख्या (एक नायट्रोजन, चार हायड्रोजन, प्रभार 1+) आयनात आधी सगळ्या अणूंचे प्रोटॉन मिळवायचे, 7 + 4 = 11, आणि प्रभार शेवटी एकदाच: 10 इलेक्ट्रॉन.

स्थिर अणूंत प्रोटॉनपेक्षा न्यूट्रॉन कमी असतात ते फक्त हायड्रोजन-1 आणि हेलियम-3 मध्ये. दुसऱ्या कुठल्या स्थिर अणूत तसं उत्तर आलं, की मी वजाबाकी पुन्हा करतो.