लातूर की छत्रपती संभाजीनगर: बाळ होण्याआधी घेतलेला निर्णय

लग्नानंतरची पहिली काही वर्षे आम्ही दोघेही छत्रपती संभाजीनगरात नोकरी करीत होतो आणि सणासुदीला लातूरकडे जात होतो. माझे माहेर लातूर शहरात आणि सासर औसा तालुक्यातल्या एका गावात असल्यामुळे, आम्ही मूल होऊ द्यायचे ठरवले तेव्हा आता आम्ही लातूरला परतणार हे दोन्ही घरांनी गृहीतच धरले. आम्हाला मात्र हा निर्णय दिवस जाण्याच्या आधी नीट तपासून घ्यायचा होता, कारण बाळंतपणाच्या आगेमागे नोकरी आणि घर दोन्ही बदलणे किती जड जाते हे आम्ही जवळच्या नात्यात पाहिले होते.

सुरुवात पाण्यापासून केली. तान्ह्या बाळाची दुपटी आणि लंगोट रोज धुवावे लागतात, आणि मराठवाड्यात घर पाहणाऱ्याला तर पाण्याची चौकशी मागे ठेवताच येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; तेव्हा माझ्या आईने अंगणात मांडलेली निळी टिपाडे तिने अजून हलवलेली नाहीत आणि दर शनिवारी ती घासून पुन्हा भरते. लातूर शहर मांजरा धरणावर अवलंबून आहे. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ८ टीएमसी (अब्ज घनफूट) असल्याने लागोपाठ दोन वर्षे पावसाने ओढ दिली की शहराचा जीव टांगणीला लागतो. जायकवाडी धरणाची क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे, तरीही त्यावर अवलंबून असलेल्या संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, कारण जुन्या जलवाहिन्या वाढलेल्या शहराला पुरत नाहीत. आमच्या वसाहतीत कित्येक दिवसांच्या खंडाने पाणी येते, तेही बहुधा मध्यरात्री, आणि कोणी तरी उठून मोटार लावावी लागते. हा त्रास मी कमी लेखत नाही. परंतु जलवाहिनीची उणीव पैशाने आणि कामाने भरून काढता येते, पावसाची येत नाही, असे माझे मत झाले. २,५०० मिलिमीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीची योजना हाती घेतली गेली आहे हेही आम्ही विचारात घेतले, मात्र तिच्या भरवशावर न राहता मोठा हौद आणि चालू बोअर असलेलेच घर भाड्याने शोधले.

दवाखान्यांच्या बाबतीत दोन्ही शहरांत फार फरक आढळला नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दोन्हीकडे आहे आणि खासगी प्रसूतिगृहेही पुष्कळ आहेत. आम्ही सगळीकडे एकच गोष्ट विचारली: नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का आणि रात्री बालरोगतज्ज्ञ तेथेच थांबतात का. शाळेचा मुद्दा नातेवाईकांनी फार लावून धरला; लातूर पॅटर्नचे, म्हणजे बारावीची कसून तयारी करून घेण्याच्या तिथल्या पद्धतीचे, नाव त्यात वारंवार निघाले. तो प्रामुख्याने अकरावी-बारावीचा प्रश्न आहे आणि त्या वेळी मुलाला लातूरला ठेवण्याची सोय आमच्याकडे आहेच, म्हणून न जन्मलेल्या बाळाच्या बारावीवरून शहर ठरवायचे नाही असे आम्ही ठरवले.

नोकरीचे गणित मात्र बारकाईने पाहावे लागले. यजमान वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत डाळ आणि तेल गिरण्यांचा जोर असल्याने त्यांच्या कामाला तितका वाव नव्हता. मी जालना रोडवरच्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करते. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने मिळते, त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. पण अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. दिवस गेल्यावर शेवटच्या काही महिन्यांत लातूरला नवी नोकरी धरावी लागली असती तर ही अट पूर्ण होण्याचा हिशेब अगदी काठावर आला असता. हा नियम किती जणींना वेळेवर कळतो याची मला खरोखर काळजी वाटते.

सगळे ऐकून घेतल्यावर सासूबाईंनी विचारले, “ते सगळं खरं, पण तुम्ही कामावर गेल्यावर लेकराला कोण बघंल, ते आधी सांगा.” लातूरची बाजू सर्वांत भक्कम होती ती इथेच, आणि आम्ही ती कागदावर मांडलेलीही नव्हती, कारण तिला आकडा लावता येत नव्हता. ही दोन शहरे एसटीने साधारण सहा तासांच्या अंतरावर आहेत. बाळाला ताप आला तर आजी त्याच रात्री पोहोचू शकत नाही. या एका कारणासाठी लातूरला जावे असे मला कित्येकदा वाटले. शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला. बाळंतपण आणि उरलेली रजा माहेरी काढावी, त्यानंतर शेतीची कामे नसतील तेव्हा त्या आमच्याकडे राहतील, असे त्यांनी सांगितले आणि आम्ही संभाजीनगरातच राहायचे नक्की केले.

दवाखाना मध्येच बदलायचा असल्याने सोनोग्राफीचे आणि रक्ततपासणीचे सर्व अहवाल मी एका फायलीत ठेवले आणि लातूरच्या डॉक्टरांना सातव्या महिन्याआधीच दाखवून घेतले. जन्माची नोंद जन्म जेथे होतो तेथेच होते, त्यामुळे मुलीचा दाखला आम्ही लातूर महापालिकेतून काढला. माता व बाल संरक्षण कार्ड जवळ असल्याने जन्मावेळच्या लसी लातूरला आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस इकडे घेताना काही अडचण आली नाही.

सोयाबीनची काढणी सुरू झाली की सासूबाई गावी जातात आणि माझी आई येते. ज्या आठवड्यात दोघींनाही जमत नाही, त्या आठवड्यात मुलगी पाळणाघरात असते. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोनदा सवड देण्याची तरतूद कायद्यात आहे, म्हणून पाळणाघर घराजवळचे न पाहता कार्यालयापासून चालत जाता येईल असे पाहिले.