सरकीची ढेप आणि हिरवा बलक

श्रावणातली गोष्ट. पारोळ्याच्या बाजारात नेहमीची एक ताई वाटी घेऊन आली. वाटीत फोडलेलं अंडं, बलक शेवाळ्यासारखा हिरवट. "भाऊ, हे कसलं अंडं दिलं?" शेजारचा भाजीवाला लगेच म्हणाला, रोग तर नाही ना? नवापूरला २००६ साली आलेला बर्ड फ्लू खान्देशात कोण विसरलंय? त्या दिवशी मी अर्धा माल परत घेऊन आलो.

रोग नव्हता. अक्कल माझीच गहाण पडली होती.

अडीच एकरात कपाशी आणि मका, दारात एक म्हैस, आणि ६० गिरीराज कोंबड्या. ही बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली संकरित जात. गावठीपेक्षा अंगाने मोठी, अंडीही जास्त. विकतच्या खाद्याचं पोतं महागलं, तेव्हा मनात आलं, घरात म्हशीसाठी सरकीची ढेप, म्हणजे कपाशीच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा, आहेच, तीच मिसळू. आई ओरडली होती, "म्हशीनं खानं कोंबड्यास्ले काबर टाकस रे?" ऐकलं नाही.

सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. म्हैस ते बऱ्यापैकी पचवते, कोंबडीला ते झेपत नाही. तिच्या अंड्यात ते उतरतं आणि बलकातल्या लोहाशी मिळून रंग बिघडवतं. ताज्या अंड्यात मला काहीच दिसलं नव्हतं. चार-आठ दिवस ठेवलेल्यात दिसायला लागलं. म्हणजे माझ्या घरी चांगलं, गिऱ्हाइकाच्या घरी हिरवं!

ढेप बंद केली. आता मक्याचा भरडा, शेंगदाण्याची ढेप, थोडा तांदळाचा कोंडा, वरून खनिज मिश्रण. शिंपल्याचा चुरा वेगळ्या घमेल्यात ठेवतो, जिला हवा ती खाते. तो संपला की आठवडाभरात कवच पातळ होतं. दिवसभर बांधावर किडे-गवत आहेच, म्हणून खुराक संध्याकाळीच देतो. जास्त दिला तर गिरीराज नुसती चरबी धरते आणि अंडी कमी करते. परतीच्या पावसात भिजलेला मका मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी नको. बुरशीचं विष उन्हात वाळवूनही जात नाही.

गिरीराज खुडूक बसतच नाही म्हटलं तरी चालेल. अंडी उबवायला आईची एक काळी गावठी कोंबडी आहे, २१ दिवस जागची हलत नाही, जवळ गेलं तर हात फोडते. मी तिच्याखाली गावठीचीच अंडी ठेवतो. गिरीराजची पिल्लं पुढच्या पिढीत आई-बापासारखी निघत नाहीत, ती विकतच आणावी लागतात.

ती ताई महिनाभराने परत आली. आता दर बाजारी एक अंडं माझ्यासमोर फोडून बघते, मगच डझन घेते. फोडलेल्याचे पैसे मी धरत नाही.