माळ्यावरचा जाळ

आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी कोल्हापुरात चिमणीच्या सर्व्हिसिंगला कुणी बोलावत नाही, आणि बोलावलं तरी गेल्याचा उपयोग नसतो. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन पी-ढबाक वाद्यांच्या तालावर गल्लीच्या गल्ली टेंबलाईच्या टेकडीकडं निघालेली असते आणि मागं घरोघरी मटण रटरटत असतं. शेगडीच्या चारी बर्नरवर पातेली असताना मी पाना घेऊन कुठं उभा राहणार? म्हणून त्या शुक्रवारी उद्यमनगरात एका हॉटेलच्या हूडसाठी पत्रा वाकवून घेत बसलो होतो. दुपारी मंगळवार पेठेतून फोन आला. त्या घरातलं वॉशिंग मशीन मी बघतो. चिमणी मात्र फर्निचर करताना दुसऱ्याच कुणीतरी बसवलेली.

"दादा, आमची चिमणी पेटल्या वो! म्हंजे आता इझल्या, पण वास जाईना झालाय."

झालं होतं ते असं. तांबड्या रश्श्याच्या कटासाठी वहिनींनी कढईत तेल तापत ठेवलेलं. पाव्हण्यांना पाणी द्यायला त्या बाहेर गेल्या, तेवढ्यात तेलातून धूर सुटला आणि पाठोपाठ भडका. स्वयंपाकाचं तेल साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढं गेलं की काडी न लावताच पेटतं. आधी धूर सोडून ते तसं सांगतही असतं. जाळ थेट चिमणीच्या फिल्टरला भिडला. घरच्यांनी मात्र सगळं नीट केलं. गॅस बंद, कढईवर परात पालथी, चिमणीचं बटण बंद. थोरल्या मुलानं पाण्याचा तांब्या उचलला होता, तो आक्कांनी हिसकावून घेतला. पेटत्या तेलात पाणी ओतलं की ते जड म्हणून खाली जातं, तिथं त्याची वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगते आणि पेटतं तेल घरभर उडतं. आक्कांनी हे आकडे कधी ऐकले नसतील; तळणात पाण्याचा थेंब पडल्यावर काय होतं ते मात्र त्या जन्मभर बघत आल्यात.

"वास कसला येतोय वहिनी? तेलाचा का प्लास्टिकचा?"

थोडा वेळ नुसती पंगतीची गडबड ऐकू आली. "प्लास्टिकचाच की. आणि कट्ट्याजवळ न्हाई, आतल्या खोलीतनं येतोय."

तिथं माझे हात थांबले. आतल्या खोलीत वास म्हणजे पाइप तिकडून नेलेली, आणि जाळ विझलेला नाही, वर गेलाय. मी म्हणालो, "पंगत उठवा. मेन स्विच पाडा. रेग्युलेटर काढून सिलिंडर बोळात न्या आणि १०१ ला फोन करा. माळा उघडू नका."

"पण जाळ कुठं दिसंना झालाय! पाव्हणं ताटावर बसल्यात..."

मागून आक्कांनी फोन घेतला. खासबाग त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तिथलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना त्यांनी गच्चीवरून बघितलेलं. "उठिवती सगळ्यास्नी," एवढंच म्हणाल्या. "तू ये बाबा."

मी पोहोचलो तेव्हा सगळी पंगत बोळात उभी होती. दोघं-तिघं ताटं हातात घेऊनच बाहेर आले होते आणि एक मामा तिथंच भिंतीला टेकून जेवत होते. पाव्हणचार सोडावा, पण मटण सोडू नये, हा आमच्याकडचा रिवाज.

आत धूर फार नव्हता. पीओपीच्या कडेनं पिवळसर रेघ उमटलेली. माळ्याच्या दाराला हाताची मागची बाजू लावली, तर ती ठेवता येईना. सनमायकाला फुगे आलेले. अशा वेळी दार उघडून बघण्याची फार इच्छा होते, आणि नेमकं तेच करायचं नसतं. बंद माळ्यात हवा संपत आलेली असते, म्हणून आग कोंडून धुमसत असते. दार उघडणं म्हणजे तिला हवा देणं.

महापालिकेचा बंब बोळाच्या तोंडाशीच अडकला. जवानांनी तिथून पाइप ओढत आणली. एकानं पावडरचं सिलिंडर धरलं, दुसऱ्यानं दार जेमतेम चार बोटं उघडलं. भप्पकन जाळ बाहेर आला आणि पावडरीखाली दबला. मग दार काढून पाण्याचा बारीक फवारा मारला. माळ्यावर काय नव्हतं! रद्दी, प्लास्टिकच्या चटया, मिक्सरची खोकी आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर. मखराचा एक खांब वितळून काळा गोळा झाला होता. धूर नाकाला झोंबत होता तो त्याचा आणि पीव्हीसीचा.

दुसऱ्या दिवशी उरलेली पाइप उतरवायला मीच गेलो. या कामात मला जेवढं शिकायला मिळतं तेवढं नव्या चिमणीच्या फिटिंगमध्ये मिळत नाही.

शेगडीमागची भिंत शेजाऱ्यांची, तिथं भोक पाडता येत नाही. म्हणून चिमणी बसवणाऱ्यानं पाइप वर घेतली, माळ्यातून आडवी नेली आणि खोली ओलांडून मागच्या बाजूला काढली. चार वळणं. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते, हवा मंदावते, आणि मंद हवेतलं तेल थंड पत्र्यावर बसतं. पहिला टप्पा अ‍ॅल्युमिनियमच्या सुरकुतीच्या पाइपचा. आधार न दिल्यामुळं ती मधेच झोळीसारखी लोंबलेली. त्या खोलगट भागात काकवीसारखा घट्ट, काळपट थर साचला होता, बोट बुडेल इतका. त्यापुढं पीव्हीसी. पीव्हीसी ऐंशी-नव्वद अंशांनाच नरम पडतं. जाळाच्या वाटेवर ते कशाला घालायचं? दोन्हींचा जोड नुसत्या चिकटपट्टीचा. पंखा चालू होता त्या क्षणांत जाळ आत ओढला गेला, झोळीतलं तेल पेटलं, जोड सुटला आणि पेटतं तेल प्लायवर ठिबकत राहिलं. खाली बटण बंद केलं तेव्हा वरची आग आपली आपण चालू झाली होती.

बाहेरच्या तोंडाला जाळीचं झाकण नव्हतं. तिथं साळुंकीचं घरटं, वाळलेलं गवत आणि पिशव्यांच्या चिंध्या.

वहिनी म्हणाल्या, "पण दादा, मी फिल्टर दर पंधरा दिवसाला सोड्याच्या गरम पाण्यात धुतीया. आणि मशीन ऑटोक्लीन हाय."

फिल्टर खरंच लख्ख होता. पण ऑटोक्लीन म्हणजे आतल्या ब्लोअरभोवती उष्णता देऊन चिकटलेलं तेल पातळ करणं आणि ते खालच्या कपात उतरवणं. त्याची हद्द मशीनच्या पेटीपाशी संपते. पाइप आहे तशीच राहते. दुकानात गिऱ्हाईक ओढीचा आकडा विचारतं, तासाला १२०० घनमीटर हवा का १४००. पाइप कुठून जाणार हे कुणी विचारत नाही, आणि विकणाराही सांगत नाही. या घरात काही महिने ओढ कमी झाली होती, कडेनं तेल ठिबकायचं, आवाज वाढलेला. कुणीतरी त्यांना मोठी मोटर सुचवली होती. तुंबलेल्या पाइपला मोठी मोटर लावून काय होणार?

मी दोनच गोष्टी बघतो. फिल्टरला कागद चिकटतो का, आणि मग बाहेर जाऊन तोंडाशी हात धरल्यावर वारा लागतो का. कागदाची परीक्षा बरेच जण घेतात. घराच्या मागं जाऊन वर बघणारा माणूस मात्र विरळा.

हाच आजार ड्रायरला. आपल्याकडं घरात तो कमी, पण पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून लाँड्र्यांत आणि होस्टेलांत मोठे ड्रायर आलेत. राजारामपुरीतल्या एका लाँड्रीवाल्याची तक्रार होती की कपडे वाळायला दुप्पट वेळ लागतोय. जाळी तो रोज साफ करायचा. मागच्या पाइपात कापसासारखा तूस गच्च भरलेला. सुकलेल्या तुसाला ठिणगी पुरते. अमेरिकेत घरोघरी ड्रायर असतात. तिथल्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीत घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २९००, आणि त्यांतल्या ३४ टक्क्यांमागं साफसफाई न करणं हेच कारण. म्हणजे पाइपकडं दुर्लक्ष करण्यात आपण एकटे नाही.

मंगळवार पेठेतल्या घरात शेवटी शेगडीच मागच्या भिंतीला नेली. गॅसची तांब्याची लाइन वाढवावी लागली, कट्टा थोडा फोडावा लागला. आक्का दोन दिवस स्टोव्हवर भाकरी करत कुरकुरल्या. आता सहा इंची पत्र्याची सरळ पाइप आहे, एकच वळण, पाच फुटांत बाहेर, तोंडाला जाळी. वळणाशी क्लिप उघडून आत हात घालता येतो. माळ्यावर नवं मखर ठेवलंय, या वेळी पुठ्ठ्याचं. त्यावर मी काही बोललो नाही, पाइप आता तिथं नाही.

काम चालू असताना समोरच्या काकी बघायला आल्या. "आमचीबी ऑटोक्लीन हाय. आमाला कवा काय झालं न्हाई." मी स्टूल मागितलं. तेलाचा कप काठोकाठ भरलेला. पाइप वर जाऊन कपाटाच्या मागं गेली होती आणि तिथंच संपली होती. भिंतीला भोकच नव्हतं. सगळं तेल कपाटाच्या पाठीवर.

"आखाड सरू दे, मग बघू," काकी म्हणाल्या.

मी कप रिकामा करून दिला, चिमणीची पिन काढली आणि खिडकी उघडी ठेवून शिजवा म्हणालो. गटारी झाल्यावर त्यांचाच फोन आला. कपाट भिंतीपासून ओढलं तर पाठीचा प्लाय तेल पिऊन इतका जड झालेला, की उचलायला आम्ही तिघं लागलो.