शाहू मिलच्या मागखात्यात ऐकलेली हलगी

फाटकातून आत जाताना मामा वाकले, जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. पाठीमागच्या पोरांना वाटलं, काहीतरी पडलं असेल. एकानं मोबाइलची बॅटरी लावून विचारलंसुद्धा, "काका, काय शोधताय?" मामांना ते ऐकू आलं नाही. याच गिरणीच्या मागखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, मागांच्या खडखडाटात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला पाठीमागून बोललेलं ऐकू येत नाही. समोर उभं राहून ओठ हलवले की कळतं.

मी इचलकरंजीची. आमच्या घरात मागांचा आवाज म्हणजे श्वासासारखा, बंद पडला तरच जाणवणारा. कोल्हापूरच्या शाहू मिलबद्दल लहानपणापासून ऐकलं होतं, पण आत कधी गेले नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ही गिरणी सुरू केली. संस्थानातल्या लोकांना काम मिळावं आणि आपल्याच मुलखात कापूस पिंजून, सूत कातून, कापड विणून बाहेर पडावं, ही त्यामागची दृष्टी. २००३ साली ती बंद पडली. त्या वर्षी मामा दोन महिने कुणाशी धड बोलले नव्हते, असं मामी सांगते. नंतर महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, २०२२ साली, आवार लोकांसाठी उघडलं, प्रदर्शनं भरली, कार्यक्रम झाले. तेव्हापासून मी मामांच्या मागे लागले होते की एकदा संध्याकाळचं गाणं-बजावणं ऐकायला तिथं जाऊ. या मे महिन्यात ते जमलं.

आधी एक स्पष्ट सांगते, म्हणजे कुणाची फेरी फुकट जायला नको. शाहू मिल हे रोज उघडं असणारं ठिकाण नाही. तिकीट काढून कधीही आत जाता येत नाही. महाराजांचं स्मारक इथं व्हावं असा आराखडा आहे. आजच्या घडीला कार्यक्रम असेल तरच फाटक उघडतं. ६ मे हा महाराजांचा स्मृतिदिन आणि २६ जून ही जयंती. या दोन तारखांच्या आसपास स्थानिक वर्तमानपत्रांच्या कोल्हापूर आवृत्तीवर लक्ष ठेवा, आणि निघण्यापूर्वी शहरातल्या कुणाला तरी फोन करून खात्री करून घ्या.

जायचं कसं, तर रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक दोन्ही शहराच्या एकाच अंगाला आहेत आणि तिथून मिल फार लांब नाही. रिक्षावाल्याला "शाहू मिल, कोटीतीर्थाजवळ" म्हटलं की पुरे. मुंबईहून येणाऱ्यांना रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, सकाळी कोल्हापुरात उतरता येतं आणि अख्खा दिवस हातात राहतो. चारचाकी मात्र आणू नका. आजूबाजूला उद्यमनगरचे कारखाने, वर्कशॉप, अरुंद रस्ते. कार्यक्रमाच्या दिवशी गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जातो. आम्ही मंगळवार पेठेतून चालत गेलो.

सकाळ रिकामी असेल तर उद्यमनगरातच फडतरेंची मिसळ आहे. दुपारनंतर तिच्या भरवशावर राहू नका, सकाळीच जा आणि रांगेची तयारी ठेवा. दिवसा खासबाग मैदान बघा. १९१२ साली बांधलेलं हे कुस्तीचं मैदान बघताना मला तरी गाण्याचीच आठवण होते, कारण खोलगट, उतरत्या बैठकीमुळं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौदातला शड्डू ऐकू जातो. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. १९१५ पासून उभी असलेली ती वास्तू. त्या रात्री कोल्हापुरात किती घरांत माणसं रडली, हे मी मामांच्या गल्लीत ऐकलं आहे. गावाला गाण्याच्या जागांची किती माया आहे, ते अशा वेळी कळतं. १८८३ सालापासून चालत आलेली देवल क्लब ही गायनसंस्था इथलीच. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीनं या मातीत मूळ धरलं, तेही इथंच. त्यामुळं बंद गिरणीत गाणं होतंय यात कोल्हापूरकरांना नवल वाटत नाही.

मी मुंबईत चार वर्षं नोकरी केली. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात रात्री गाणं ऐकायला जात असे. मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ब्लू फ्रॉग नावाचं गाण्याचं ठिकाण सुरू झालं होतं. तिथली ध्वनियोजना उत्तम होती आणि देशोदेशीचे कलाकार तिथं वाजवून गेले. २०१६ साली तेही बंद झालं. गाणं चांगलं असायचं, पण दर वेळी छपराकडं बघून मनात यायचं की इथं कुणाचे मामा उभे असतील? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लाखो माणसं त्या फाटकांतून बाहेर पडली ती पडलीच. आत कुणी त्यांचं नाव काढत नसे. नंतर २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली, चौदा माणसं गेली. त्या दिवसापासून मला एक सवय लागली आहे आणि ती तुम्हीही लावून घ्या. जुन्या इमारतीत कार्यक्रमाला गेलात की बसायची जागा शोधण्याआधी दुसरं दार शोधा. ते उघडं आहे का, त्याच्यापुढं खुर्च्या किंवा स्टॉल लावलेत का, ते बघा. आम्ही ते शाहू मिलमध्येही केलं. मामांनीच दाखवलं, "ह्या अंगानं सूत यायचं, त्या अंगानं कापड जायचं. दोन दारं हायती, भिऊ नको."

कार्यक्रम साडेसहाचा, सुरू झाला सव्वासातला. तो वेळ वाया गेला नाही. शेडमध्ये स्टॉल होते, गूळ, काकवी, चपला, हातमागाचं कापड. मामा एका साडीचा पदर उलटा करून धागे मोजत उभे राहिले. विकणाऱ्या बाईंना आधी राग आला, मग त्यांनी स्टूल पुढं केलं. दोघांचं आडवा धागा नेणाऱ्या धोट्याबद्दल, सुताच्या कांड्यांबद्दल, तुटलेला धागा सांधण्याच्या गाठीबद्दल इतकं बोलणं झालं की मला त्यांना ओढून न्यावं लागलं.

मंच मोकळ्या आवारात होता. जागा कुठं धरावी, हे मी पहिल्या वीस मिनिटांत फिरून ठरवलं. पाठीमागं दगडी भिंत असते तिथं अजिबात बसू नका. मंचावरचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. भिंत सतरा-अठरा मीटरपेक्षा लांब असली की परत आलेला शब्द वेगळा ऐकू येतो, म्हणजे मंचाजवळ बसलेल्यालाही पोवाड्याची ओळ दोनदा ऐकायला लागते. भिंतीला चिकटून बसलं तर सगळाच गोंगाट. मैदानाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात, थोडं एका बाजूला, स्पीकरच्या सरळ रेषेतून सुटून बसलो तेव्हा शब्द कळायला लागले. लहान मूल बरोबर असेल तर स्पीकरपासून लांबच राहा. मामांच्या कानांकडं बघून हे सांगते आहे.

पहिल्यांदा कॉलेजच्या मुलामुलींनी पोवाडा म्हटला. डफ, तुणतुणं, मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांची "जी जी रं जी". शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात पोवाडा म्हणायचा तर छाती पाहिजे, आणि त्या मुख्य गाणाऱ्या मुलीकडं ती होती. नंतर गिटार आणि ढोलकी एकत्र घेऊन काही तरुण आले. त्यांचं मला फारसं भावलं नाही. गिटारचा आवाज इतका मोठा ठेवला होता की ढोलकीची शाई लावलेली बाजू ऐकूच येईना.

साडेआठच्या सुमाराला वळीव आला. आधी मातीचा वास, मग धूळ, मग टपोरे थेंब. वीज गेली. लोक धावत शेडमध्ये शिरले, आम्हीही. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्याचं बोलणं कळेना. सगळे ओरडून बोलायला लागले. आणि मामा हसले. मला हातानं खूण केली, अंगठा ओठाला, म्हणजे चहा. मग मिशीवरून बोट फिरवलं, म्हणजे जॉबर, खात्यातला मुकादम, आला. खांद्यावर दोन बोटं, म्हणजे कामाची पाळी संपत आली. माग चालू असताना माणसाचा आवाज माणसाला पोचत नसे, म्हणून सगळं खातं असं हातांनी नि ओठांनी बोलायचं. त्या पावसात शेकडो माणसांमध्ये एकटे मामाच आरामात बोलत होते.

पाऊस मंदावला. वीज आली नव्हती. दहा-बारा मोबाइलच्या उजेडात हलगीवाले पुढं आले. त्यांनी कागद पेटवून हलगी शेकली, कारण दमट हवेत चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो. एक हलगी, एक खोल आवाजाचं घुमकं, एक झांजेसारखं कैताळ. माइक नाही, मंच नाही. पहिली थाप पडली आणि ती त्या लांबलचक शेडभर फिरून परत आली. वाजवणारा थबकला. त्यानं दुसरी थाप मारली, तिचा आवाज विरेपर्यंत थांबला, मग तिसरी. जागा समजून घेत होता. मैदानात वाजवतात त्याच्या निम्म्या लयीत त्यानं सुरुवात केली आणि मग शेडच्या घुमण्याला बरोबर घेऊन हळूहळू वाढवत नेली. घुमक्याचा ठोका पायाखालच्या फरशीतून वर येत होता. मामांनी चप्पल काढून अनवाणी पाय जमिनीवर ठेवले.

मग त्या पोवाड्याच्या मुलीनं, कुणी न सांगता, माइकशिवाय आवाज लावला. दोन-तीन शब्द म्हणायची, थांबायची, आवाज छपराला लागून खाली येऊ द्यायची, मग पुढचे शब्द. मामा खांबाला टेकून उभे होते. मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन विचारलं, "मामा, ऐकू येतंय का तुम्हांला?"

"येतंय की," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प. "पोरी, ह्या खात्यात बावीस वर्सं काढली. हितं माणसाचा आवाज कवा ऐकलाच न्हवता बघ."

वीज पावणेदहाला आली. दहाला सगळं थांबलं, कारण मोकळ्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि वाढीव वेळ वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच मिळतो. तेव्हा उशिरा पोचून रात्रभर ऐकू, असा हिशेब करून येऊ नका. सातच्या आत आवारात असा.

आणखी काही गोष्टी. जुन्या शेडच्या जमिनीला खड्डे आहेत, लोखंडाचे ठोंब वर आलेले आहेत. टाचेच्या चपला नकोत, आणि मी पाय अनवाणी ठेवा असं कुणालाच सांगणार नाही, मामांना तिथली फरशी पाठ होती. मे महिन्यात आभाळ निरभ्र दिसलं तरी छत्री घ्या. जवळच तलाव असल्यामुळं डास चावतात, अंगभर कपडे बरे. स्वच्छतागृहं तात्पुरती असतात, बायकांनी घरून किंवा हॉटेलवरून जाऊन आलेलं चांगलं. गर्दीत नेटवर्क जातं, दोनशे-तीनशे रुपये सुटे जवळ असू द्या. दारू इथं नाही आणि असूही नये. आम्ही रात्री दहाला निर्धास्त चालत बाहेर पडलो, सगळीकडं कुटुंबंच्या कुटुंबं होती. इचलकरंजी किंवा सांगलीकडं त्याच रात्री परतायचं असेल तर शेवटच्या एसटीची वेळ दुपारीच स्टँडवर विचारून ठेवा. के.एम.टी.वर, म्हणजे शहराच्या बसवर, रात्री उशिरा अवलंबून राहू नका.

दहानंतर कोल्हापूर झोपतं असं समजू नका. रिक्षानं गंगावेशीत गेलो. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, समोर धार काढून फेसाळ पेला हातात देत होते. तालमीतनं आलेली पोरं एका दमात पेला रिकामा करत होती. धारोष्ण दूध सगळ्यांना सोसत नाही. लहान मुलांनी, गरोदर बायकांनी आणि नाजूक पोटाच्या लोकांनी तापवलेलं मिळेल तिथंच घ्यावं. मी तेच केलं. मामांनी धारेखालचाच घेतला.

पेला ठेवताना त्यांनी माझ्याकडं बघून खांद्यावर दोन बोटं ठेवली. आम्ही घरी निघालो.