एन्रॉनच्या खोल्या

कारखाना बंद पडला की गावाचं काय होतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी गुहागर तालुक्यात दुकानदारांचे हिशेब लिहितो हे कळलं, की मुंबईचे पाहुणे हटकून विचारतात, "इथे एखादी मोठी कंपनी आली तर पोरं गावात राहतील ना हो?"

अहो, आली होती की. अंजनवेलच्या वीजप्रकल्पाचं नाव पुढे बदललं, तरी बाजारात तो आजही ‘एन्रॉन’च. बांधकामाच्या वर्षांत तालुक्यातल्या शृंगारतळीला भाड्याची खोली मिळायची नाही. लोकांनी पतपेढीचं कर्ज काढून परसात खोल्या बांधल्या, कुणी खानावळ घातली, कुणी जीप घेतली. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. मे २००१ मध्ये वीजमंडळाशी दराचं भांडण विकोपाला गेलं आणि तो बंद पडला. दुसऱ्या टप्प्याचं काम तेव्हा चालूच होतं. डिसेंबरात एन्रॉन या अमेरिकेतल्या मूळ कंपनीचंच दिवाळं निघालं.

लोक म्हणतात, प्रकल्प बंद पडला म्हणून धंदे बसले. अर्धंच खरं. वीजप्रकल्प बांधायला हजारो माणसं लागतात, चालवायला त्यातली मूठभर. सगळं सुरळीत झालं असतं तरी काम संपताच खोल्या रिकाम्या व्हायच्याच होत्या. कर्जाचा हप्ता ठरवताना हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही, नवखा होतो. २००६ मध्ये प्रकल्प पुन्हा सुरू झाला तेव्हा माझ्या गिऱ्हाइकांच्या वह्यांत फारसं काही हललं नाही. एका खानावळीच्या वहीत ठेकेदाराच्या माणसांची उधारी अजून तशीच आहे. मालकीणबाई ते पान फाडू देत नाहीत.

आणि जे भोंगे बंद झाल्यानं कोकण खरं हललं, ते कोकणात नव्हतेच, मुंबईच्या गिरणगावात होते. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आम्हाला संप कळला तो असा, की पोस्टमन आमची पाखाडी चढेनासा झाला. मनीऑर्डर नाही म्हणजे वाण्याकडे उधारी, आणि आमची उधारी तुंबली म्हणून वाणी चिपळूणच्या व्यापाऱ्याला तोंड दाखवेना. त्या वर्षी कौलं शाकारली नाहीत. पावसाळाभर घरात टोप मांडलेले. काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. बाबा एक ट्रंक घेऊन गावी आले.

लहान धंदा बंद पडला तर बातमीही होत नाही. काजूचंच घ्या. बी मिळते मार्च ते मे, ती वर्षभराची भरून ठेवायची, म्हणजे पैसा सगळा आधी. पुढे गराचा भाव उतरला की मालक व्याजात बुडतो. पंधरा बायकांचं सोलणं थांबतं, आणि महिन्याभरात किराणावाल्याची विक्री उतरलेली मला वहीत दिसते. त्यांची मजुरी तालुक्याबाहेर जातच नव्हती ना.

हल्ली मी पाहुण्यांनाच उलट विचारतो. बांधून झाल्यावर माणसं किती ठेवणार? ठेकेदार बिलं किती दिवसांनी देणार? कँटीनची भाजी कुठून येणार? ते कंटाळतात आणि आंब्याच्या भावाकडे वळतात.

माझं एक गिऱ्हाईक एन्रॉनसाठी बांधलेल्या चार खोल्यांत काजू फोडतं. त्या खोल्यांचं कर्ज फिटायला मात्र २०१३ उजाडलं.