सिलिंडर फुल आहे, पण किती मिनिटं?

रुग्ण हलवण्याआधी 'ऑक्सिजन आहे ना?' असं विचारलं की 'फुल आहे' असं उत्तर येतं. हे उत्तर अपुरं आहे. फुल सिलिंडर मिनिटाला दोन लिटर प्रवाहावर दिवसाचा बराच भाग चालतो आणि साठ लिटरवर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. विचारायचं ते मिनिटांत.

हिशोब तोंडी करता येतो. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये त्याच्यावर कोरलेली असते. तिला काट्यावरच्या बारने (बार हे दाबाचं एकक) गुणलं की आतला वायू लिटरमध्ये मिळतो. १० लिटर क्षमता आणि १५० बार म्हणजे १५०० लिटर. त्यातले शेवटचे २० बार धरायचेच नाहीत, म्हणजे हाताशी उरतात १३००. आता भागाकार: नेझल प्रॉंग्जने (नाकात बसणाऱ्या बारीक नळ्यांनी) मिनिटाला २ लिटर दिले तर ६५० मिनिटं, रिझर्व्हॉयर पिशवीच्या मास्कने १५ लिटर दिले तर ८६ मिनिटं.

हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन आणि हवेचं मिश्रण घेत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हमखास फसगत होते. ६० लिटर प्रवाह आणि १०० टक्के ऑक्सिजन असेल तर तोच सिलिंडर २१ मिनिटांत संपतो. ६० टक्क्यांवर आणलं तरी बाकीची हवा वातावरणातली असल्यामुळे शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला साधारण ३० लिटर लागतोच, म्हणजे जेमतेम ४३ मिनिटं. असा रुग्ण लांब न्यायचा तर सिलिंडर वाढवा, नाहीतर श्वासाच्या आधाराची पद्धत निघण्याआधीच बदलून पाहा. रस्त्यात नाही.

वेळ धरताना फक्त रस्त्याची धरू नका. रस्ता ४० मिनिटांचा, गाडीत चढवायला १०, तिकडे बेड मिळून रुग्ण सोपवेपर्यंत १५, असे ६५ झाले. ट्रॅफिक, पंक्चर, बंद लिफ्ट यांसाठी दुप्पट करा: १३० मिनिटं. १५ लिटरवर १९५० लिटर लागतील, म्हणजे वरचा एक सिलिंडर पुरत नाही, दोन हवेत. दुप्पट जास्त वाटते खरी, पण उरलेला ऑक्सिजन कुठे जात नाही.

स्ट्रेचरवरच्या छोट्या सिलिंडरकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. २ लिटर क्षमता, १५० बार, म्हणजे सगळा मिळून ३०० लिटर. १५ लिटरवर २० मिनिटं, आणि शेवटचे राखीव २० बार सोडले तर १७. लिफ्टसमोर गर्दी असेल तर ती तिथेच संपतात. म्हणून वॉर्डातली नळी काढायच्या आधी छोटा सिलिंडर सुरू करून मास्क त्याला जोडा आणि गाडीत चढल्याबरोबर मोठ्यावर घ्या. प्रत्येक बदलानंतर मास्कमध्ये प्रवाह येतोय का ते पाहा. नळी जोडली आणि फ्लोमीटर (प्रवाह मोजणारा आणि कमी-जास्त करणारा भाग) उघडायचाच राहिला, ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

काटा खोटं बोलतो तो असा. व्हॉल्व्ह जरासाच उघडला असेल तरी प्रवाह बंद असताना काटा पूर्ण दाब दाखवतो. प्रवाह सुरू केला की काटा झपकन खाली येतो. त्यामुळे तपासणी नेहमी फ्लोमीटर १० वर ठेवून करा. गळती पाहायची असेल तर व्हॉल्व्ह उघडून बंद करा, फ्लोमीटर शून्यावर ठेवा आणि मिनिटभर काट्याकडे बघा. काटा उतरला तर बहुतेकदा वॉशर गेलेला असतो. तेव्हा नवा वॉशर घाला. जुन्यावर दुसरा चढवू नका, कारण त्याने जोड नीट बसत नाही आणि चुकीच्या वायूचा सिलिंडर अडवणाऱ्या पिनाही निकामी होऊ शकतात. रंगावर जाऊ नका, लेबल वाचा. रंगाचे संकेत सगळीकडे सारखे नसतात.

नळीत गोळी तरंगणारा फ्लोमीटर उभाच हवा. आडवा झाला की आकडा निरर्थक होतो. वाचायचं गोळीच्या मध्यावर. व्हॉल्व्ह हळू उघडायचा, कारण एकदम उघडला तर वायू दाबला जाऊन रेग्युलेटरमध्ये (दाब कमी करणाऱ्या भागात) उष्णता तयार होते, आणि तिथे तेल किंवा ग्रीस असेल तर पेट घेऊ शकतं. हाताला मलम-व्हॅसलीन लागलेलं असेल तर आधी हात पुसा.

मास्कचा आकडाही सांभाळावा लागतो. साध्या मास्कला ५ लिटरच्या खाली जाऊ नका, रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढतो. रिझर्व्हॉयरची पिशवी आधी भरून मग मास्क लावा. श्वास घेताना ती पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह वाढवा. उलट बाजूने, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९४ ते ९८ असताना १५ लिटर सोडत बसण्यात अर्थ नाही. सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या दीर्घकालीन आजाराच्या) ज्या रुग्णात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्याला तर ८८ ते ९२ पुरतं. अपवाद धुरात सापडलेल्याचा: ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडलाही ऑक्सिजन समजतो, तेव्हा ९९ दिसलं तरी ऑक्सिजन कमी करू नका.

बंद गाडीत ऑक्सिजन साचतो आणि ठिणगीने आग भडकू शकते. एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा आणि हृदयासाठी विजेचा शॉक देण्याआधी मास्क काढून छातीपासून किमान १ मीटर दूर धरा. छोटा सिलिंडर रुग्णाच्या पायांमध्ये मोकळा ठेवायची सवय वाईट. जोराचा ब्रेक लागला की तो पुढे फेकला जातो, त्याला पट्टाच हवा.

फेरी संपली की व्हॉल्व्ह बंद, मग फ्लोमीटर उघडून नळीतला दाब सोडा आणि तो पुन्हा शून्यावर आणा. सिलिंडरवर चिकटपट्टी लावून उरलेले बार लिहा, 'अर्धा' असं नको.